धारूरची सीताफळं

तहसीन आली ती बारा वाजून गेल्यावर,
उदगीरची गाडी अहमदपुरात पंक्चर झाली म्हणून.
नऊ वर्षांनी.
अंबाजोगाईच्या स्टँडवर मी तिला लगेच ओळखलं.
ओळखणारच, परवाच तर पाहिली होती
याच अबोली ओढणीत, कुणाच्या तरी वलीम्यात.

घरी आलो. पंखा लावला. पाणी दिलं.
आणि बोलायला काही निघेना.

पडदे छान आहेत गं तुझे, मी म्हणाले,
ज्या घराचा उंबरा मी ओलांडलेला नाही
त्या घराचे.
ओंकारला ब्याऐंशी टक्के ना?
त्र्याऐंशी पॉइंट चार.
हो, मी बदाम टाकला होता.
हो, पाहिला मी.
पेपर आधीच फुटलेल्या परीक्षेला
बसावं तशा बसलो दोघी.

मग तिनं पर्समधून फोन काढला,
मीही माझा उचलला, बरं दिसावं म्हणून.
एकदा ती हसली, मी मान वर केली.
ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

डी.एड.च्या होस्टेलात याच दोघींसाठी
वॉर्डनबाई रात्री दार वाजवायच्या,
पोरींनो, पुरे आता, उद्या बोला.

वास आला तेव्हा आठवलं.
तांदळाच्या डब्यात पिकत घातलेली
धारूरची सीताफळं.
डोळे उघडलेली, बोट लागलं की बसणारी.
आज खायची, नाहीतर फेकायची.
सीताफळ कुणासाठी थांबत नाही.

मध्ये परात घेऊन फरशीवर बसलो.
चमच्यानं खाणारे असतील कुठं,
आमच्याकडं दोन्ही हात लागतात,
आणि मनगटापर्यंत ओघळ.
तिचा फोन वाजला, मग माझा थरथरला.
तिनं करंगळीनं करून पाहिलं,
काच तिचं बोट ओळखेना.
वाजू दे मरू दे, म्हणाली.

आणि बी तोंडात घोळवत,
अब्बांना शेवटी बिया काढून द्याव्या लागायच्या.

अब्बा गेले तेव्हा
मी दोन जोडलेले हात पाठवले होते.
सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी,
कुकर लावता लावता.
तीन तासांचा रस्ता.
आणि खरं सांगते, मला वाटलं होतं
मी भेटून आले.

ती म्हणाली, रागानं नाही,
तुझे हात मी मोठे करून पाहिले होते त्या रात्री.
झोप नव्हती ना.
एक बांगडीसुद्धा नव्हती गं त्यात.

आता माझे हात तिच्यासमोर होते,
चिकट, पांढरे,
जोडताही येईनात, पुसताही.
तिनंच आपलं कोपर माझ्या कोपराला लावलं,
म्हणाली, ते मोठं तू घे, मला शुगर आहे.
शुगर? कधीपासून?
हे टाकलं नव्हतं मी कुठं.

मग जे जे टाकलेलं नव्हतं ते निघालं,
तिचं आणि माझं.
ते इथंही लिहीत नाही.

साडेपाचच्या गाडीत ती गुडघा धरून चढली.
हा गुडघा कुठल्याच फोटोत नव्हता.
खिडकीतून ओरडली,
अगं, आपला फोटो राहिला की!

परात रात्रीपर्यंत ओट्यावर तशीच.
बियांत तिच्या कुठल्या, माझ्या कुठल्या.
नऊच्या सुमाराला आलं, पोचले.
अंगठा द्यायला बोट नेलं,
तर नखात गर वाळून काळा पडलेला.

मी फोन लावला.
काय गं, ती घाबरून म्हणाली, काय झालं?
काही नाही.
पोचलीस ना,
ते ऐकायचं होतं.